रजिस्टरातला पहिला ताप

आमच्या समाजाच्या स्मरणिकेसाठी कोरोनातल्या आजारपणावर लिहा, असं मला तीनदा सांगण्यात आलं. पहिल्यांदा मी म्हणालो, हात थरथरतो. दुसऱ्यांदा म्हणालो, चष्म्याचा नंबर वाढलाय. तिसऱ्यांदा नुसता फोन ठेवून दिला. हात थरथरत नव्हता आणि चष्माही ठीक होता. लिहायला बसलो असतो तर काय लिहावं लागेल ते मला माहीत होतं, म्हणून इतकी वर्षं टाळलं.

आता पंच्याहत्तरी ओलांडली. आणखी टाळलं तर ते माझ्याबरोबरच जाईल. ज्यांना हा आजार होऊन गेला किंवा ज्यांच्या घरात कोणी आजारी आहे, त्यांना औषधांची माहिती माझ्याकडून मिळणार नाही. फुप्फुसं बरी होतात, चव परत येते, पायातली ताकद सहा महिन्यांनी का होईना येते. माझं बरं न झालेलं दुखणं वेगळं आहे, आणि त्याची मला अजूनही शिसारी येते.

भवन

दुसऱ्या लाटेच्या उन्हाळ्यात रायपूर बंद झालं, तेव्हा स्टेशनच्या आसपास राहणारी माणसं एकदम उघडी पडली. फलाटावरून त्यांना हाकललं. हॉटेलं बंद, म्हणून उरलंसुरलं मिळणंही बंद. गोल बाजाराची शटरं खाली आली, त्यामुळे हमाली गेली. आमच्या समाजभवनात पंखे होते, दोन संडास होते, बोअरिंगचं पाणी होतं. त्या वर्षी जयंतीची मिरवणूकही निघायची नव्हती. समाजाने भवन देऊन टाकलं. जवळच्या गुरुद्वाऱ्यातून दोन वेळचं जेवण येऊ लागलं. चौबे कॉलोनीतल्या काही बायकांनी चादरी, साबण आणि जुने कपडे पाठवले. तरुण पोरापोरींच्या एका संस्थेने औषधं दिली आणि रेशमा नावाची नर्सिंग शिकलेली मुलगी दिली. महापालिकेच्या झोन कार्यालयाने मंजुरी दिली आणि एक बॅनर दिला.

त्या बॅनरवर कोणाचं नाव वर आणि कोणाचं खाली, यावर दोन दिवस फोनाफोनी चालली. चाळीसेक माणसं फरशीवर बसून होती आणि आम्ही शिकलीसवरलेली माणसं अक्षरांची उंची मोजत होतो. शेवटी सगळ्यांची नावं सारख्या आकारात छापली, ती इतकी बारीक आली की रस्त्यावरून कोणालाच वाचता येईनात. तरीही प्रामाणिकपणे सांगतो, काम झालं. चार ठिकाणची माणसं एकत्र आली नसती तर त्या चाळीस जणांना कोणी विचारलं नसतं. पुढे जे बिघडलं ते या जुळणीमुळे बिघडलं नाही. ते माझ्यामुळे बिघडलं.

रजिस्टर माझ्याकडे आलं. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात छत्तीस वर्षं मी तेच केलं होतं. समाजाचे सचिव गजभिये म्हणाले, "मेश्रामजी, रजिस्टर तुमच्याकडंच पायजे. तुमच्या लिहिण्यावर आडिटवाल्यानं कधी बोट ठेवलं नाही, झोनवाले काय ठेवतीन." मी वरवर नाही नाही म्हटलं आणि आतून फुगलो.

भवनात एक जोडपं होतं. बिसाहिन आणि तिचा म्हातारा समारू. तो पूर्वी रिक्षा ओढायचा. एका पायाला जखम होऊन तो पाय वाळल्यासारखा झाला होता. बिसाहिन साठीची असेल. कोणी न सांगता तिने झाडू उचलला, बायकांचा संडास स्वतःकडे घेतला, आणि जेवणाच्या वेळी भांडणं सोडवायला लागली. मी पार्सल ऑफिसात होतो हे कळल्यावर तिने माझी थट्टा सुरू केली. मी सगळ्यांना रांगेत बसवून नाव, वय, गाव विचारत होतो, तेव्हा मागून म्हणाली की हा बाबू आता आपल्याला बिल्टी, म्हणजे मालाची पावती, लावून गाडीत चढवणार. सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते फारसं आवडलं नाही.

पाण्याचा एक नियम मी केला होता. रांजणाला त्यांच्यापैकी कोणी हात लावायचा नाही, आमच्यातला एक जण लांब दांड्याच्या ओगराळ्याने वरून पाणी घालील आणि घेणाऱ्याने ओंजळ करायची. रोगाचा नियम म्हणून केला होता आणि तो तसा चुकीचाही नव्हता. पण भंडाऱ्याकडच्या आमच्या गावी माझ्या आजोबांना असंच वरून पाणी घालत असत. वडील ते सांगताना नेहमी भिंतीकडे तोंड करायचे. ओंजळ पुढे करून उभी राहिलेली बिसाहिन पाहून मला ते आठवलं होतं. तरीही मी नियम बदलला नाही. दुसरं ओगराळं, दुसरा रांजण आणणं काही अवघड नव्हतं.

बंदूक

ताप मोजायची बंदूक दारात माझ्याच हातात असायची. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाच्या कपाळाला लावायची आणि आकडा लिहायचा. पण आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. दुपारी बाहेरून आलेल्या प्रत्येकाला ती बंदूक तापच दाखवायची. आठवडाभरात ती इतकी वेडीवाकडी झाली की भिंतीलाही ताप दाखवू लागली. नवी मागवायची तर झोनला अर्ज करावा लागला असता, आणि अर्ज केला की जुनी बंदूक कधीपासून बिघडली हे सांगावं लागलं असतं.

मग मी ऑफिसात पाहिलेलं एक काम केलं. पहिल्या नावापुढे साधारण आकडा लिहायचा आणि खालच्या सगळ्यांना दोन टिंबं द्यायची, म्हणजे वरीलप्रमाणे. काही दिवस वरचाही आकडा लिहिला नाही. रकाना कोराच ठेवला, संध्याकाळी भरू म्हणून. बंदूक मात्र रोज लावत होतो, कारण ती लावली की माणसं धीर धरत आणि फोटोही चांगला यायचा.

ती बंदूक माझ्या कपाळाला कोणी कधीच लावली नाही.

चहा

एका सकाळी मालतीने चहा दिला. मालती माझी बायको. घोट घेतला तर गरम पाणी प्यायल्यासारखं वाटलं. साखर घातली नाही का, असं विचारलं. ती म्हणाली, रोजच्याएवढी घातली. मी कप नाकाजवळ नेला. आलं, चहा, दूध, कशाचाच वास नव्हता. त्याच क्षणी मला कळलं. मागाहून लोकांना सांगताना मी "अंगावर काढलं, लक्षात आलं नाही" असं सांगत आलो. ते खोटं आहे. मला त्याच सकाळी कळलं होतं.

त्या दिवशी झोनचे साहेब भवन पाहायला यायचे होते. मी एक गोळी घेतली आणि गेलो. दुसऱ्या दिवशीही गेलो. मनाशी म्हणत होतो की मी नसलो तर भवन बंद पडेल. हे खोटं होतं हे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी साबण वाटत होतो. बिसाहिनच्या हातावर वडी ठेवताना माझी बोटं तिला लागली. तिने माझा हात धरला. असा हात तिथे कोणी कोणाचा धरत नव्हतं.

"बाबू, तोर हाथ तो तिपत हे," ती म्हणाली. हात तापलाय तुझा.

मी म्हटलं, ऊन आहे.

"मसीन ला अपनो माथा म लगा के देख."

मशीन स्वतःच्याही कपाळाला लावून बघ, एवढंच ती म्हणाली. तेही हळू, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने. मी हात सोडवून घेतला आणि मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, की तू आपलं बघ, हात धुऊन घे आधी. ती नळावर गेली आणि खरंच हात धुतले. मला तिचे ओले हात आजही दिसतात.

ते पान

तिसऱ्या दिवशी मी अंथरुणावरून उठू शकलो नाही. मालतीलाही कणकण होती. मुलगा नितीन कुठूनतरी तपासणीवाल्याला घेऊन आला. मला आजार निघाला. त्याच दुपारी भवनात दोन म्हातारे खोकताना दिसले म्हणून रेशमाने सगळ्यांची तपासणी करवली. सात जण निघाले. बिसाहिन आणि समारू निघाले नाहीत.

संध्याकाळी गजभियेंचा फोन आला. भवनाच्या दारात वस्तीतले लोक जमले होते. स्टेशनवरची घाण वस्तीत आणली, असं ओरडत होते. झोनवाल्यांना लेखी हवं होतं की पहिला ताप कोणाला आला, कुठल्या तारखेला. "रजिस्टर तुमच्या घरीच आहे न जी," ते म्हणाले. "पाहून सांगा. नाव सांगितलं का लोक शांत होतीन."

पहिला ताप मला आला होता. रजिस्टरात माझं नावच नव्हतं, कारण मी लिहिणारा होतो.

मी गजभियेंना थांबा म्हटलं आणि रजिस्टर उघडलं. तीन दिवसांपूर्वीचं पान. तापाचा रकाना कोरा. त्या क्षणी माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते लिहिणं भाग आहे. वाटलं, लोक आपल्या दारात येतील. नितीनच्या मुलीला शेजारीपाजारी कोणी जवळ घेणार नाही. समाजात चाळीस वर्षं कमावलेलं नाव जाईल. आणि वाटलं की एका बाईला सगळं माहीत आहे, तिने माझा हात धरला होता. उद्या ती बोलली तर? तिचंच नाव लिहिलं तर तिच्या बोलण्याला काय किंमत राहील? हा हिशेब मी एकशे दोन तापात केला. तापात केला म्हणून तो कमी नीच ठरत नाही. डोकं अगदी स्वच्छ चालत होतं.

तेच पेन घेतलं, निळ्या शाईचं. बिसाहिनच्या नावापुढे लिहिलं, एकशे एक, खोकला. बाकीच्यांपुढे साधा आकडा आणि टिंबं. अक्षर नेहमीसारखं सुंदर आलं.

मालती ओला टॉवेल घेऊन दारात उभी होती. "तापात रजिस्टर काहून काढलं?"

"गजभियेनं विचारलं."

तिने पानाकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं. टॉवेल माझ्या कपाळावर ठेवला आणि गेली.

मी फोनवर नाव सांगितलं. रेशमा तिथेच होती. तिचा त्याच रात्री मला फोन आला. तिने हिंदीत विचारलं, "अंकल, बिसाहिन दीदी का बुखार आपने खुद नापा था?"

मी म्हटलं, "हाँ, नापा था."

तिने फोन ठेवला. खरं काय ते मला पुढे कळलं. तिने त्या तीनही दिवशी स्वतःजवळच्या काचेच्या थर्मामीटरने बिसाहिनचा ताप पाहिला होता, कारण बिसाहिनच आजाऱ्यांच्या जवळ जात होती. ताप नव्हता, आणि तपासणीतही काही निघालं नव्हतं. हे तिने गजभियेंना सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "थर्मामीटर चुकत असंल, तपासणी बी चुकत असंल, मेश्रामजीचं रजिस्टर नाही चुकत."

तेरा दिवस

माझा प्राणवायू उतरला. शहरात खाटा मिळत नव्हत्या. लोक गाड्यांमध्ये, रुग्णालयांच्या पायऱ्यांवर वाट पाहत होते. मला झोनच्या एका फोनवर खाट मिळाली, कारण मी सेवा करताना आजारी पडलेला ज्येष्ठ नागरिक होतो.

वॉर्डातलं काय सांगू. पहाटे पाचला दिवे लागायचे. मग सुई, मग गोळ्या, मग पातळ उपमा, ज्याला चव नव्हती आणि वासही नव्हता, त्यामुळे तोंडात ओला कापूस घेतल्यासारखं व्हायचं. नाकात नळी. शेजारच्या खाटेवर एक किराणा दुकानदार होता. तो संत्री सोलून अर्धं माझ्याकडे सरकवायचा आणि म्हणायचा, चव नसली म्हणून काय झालं, रस तर आहे. पाचव्या दिवशी सकाळी त्याची खाट रिकामी होती. संत्र्याची सालं तशीच पडली होती. कोणी विचारू नये म्हणून सगळे छताकडे पाहत होते.

भीती मला मरणाची कमी आणि घाणीची जास्त वाटली. सहाव्या दिवसापासून माझा अंगावर ताबा राहिला नाही. पंचाहत्तर किलोचा माणूस, अंथरूण खराब करून पडलेला. स्वतःच्याच अंगाचा वास येत नव्हता, ही त्या आजाराची एकमेव दया. इतरांना येत असणार. एक आया होती. पांढऱ्या पोशाखात डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली, फक्त डोळे दिसायचे. ती एक शब्द न बोलता मला पुसायची, चादर बदलायची, पाठीला पावडर लावायची. तिचं नाव मी शेवटपर्यंत विचारलं नाही.

आठव्या किंवा नवव्या दिवशी ताप फार वाढला. आया पुसत होती आणि मला वाटलं ही बिसाहिन आहे. तेच डोळे, तेच ओले हात. मी तिचा हात धरला आणि रडत रडत सगळं सांगितलं. रजिस्टर, बंदूक, पेन, सगळं. मोडक्या छत्तीसगढीत माफी मागितली. ती म्हणाली, "हव बबा, होगे माफ. अब सुत जा." झालं माफ, आता झोप.

त्या रात्री मला पहिल्यांदा झोप लागली. सकाळी कळलं की ती दुसरी कोणी होती, आणि रात्रभर असं बरळणारे म्हातारे वॉर्डात आणखी चार होते. पण हलकं वाटलं ते वाटलं. पुढे कित्येक महिने मनात टोचलं की मी स्वतःला सांगायचो, माफी मागून झाली आहे. इतका मी निर्लज्ज होतो.

शाल

घरी आलो. मालती तोवर घरातच बरी झाली होती. नितीन दिवसभर माझी सेवा करायचा आणि बोलायचाही. "पापा, कितनी बार बोला था, उन लोगों के बीच मत जाओ. देख लिया ना? सात लोगों में फैला, हमारे घर तक आ गया." मालती पोळ्या लाटत असायची. लाटणं थांबायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. तिने मला मुलासमोर उघडं पाडलं नाही, यासाठी मी तिचे आभार मानले नाहीत आणि तिला ते नकोच होते. आमचं बोलणं औषधं आणि भाजी एवढ्यावर आलं.

आजार निघालेले सातही जण कोविड केंद्रातून बरे होऊन आले होते. भवन मात्र मी आजारी पडलो त्याच आठवड्यात बंद झालं. ज्यांना आजार निघाला नव्हता त्यांना गाडीने दुसऱ्या निवाऱ्यात नेलं. त्या गाडीत बिसाहिनला कोणी चढू दिलं नाही. जिच्यामुळे सगळं झालं ती बाई, असं बोट दाखवून तिच्याच पंगतीत जेवलेली माणसं गाडीच्या दारात आडवी झाली. रेशमा भांडली. ड्रायव्हरने गाडी बंद केली आणि खाली उतरून उभा राहिला. शेवटी बिसाहिननेच समारूला उठवलं आणि दोघं पायी निघाली. समारूच्या त्या पायाने. हे मला रेशमाने सांगितलं, आणि सांगताना माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

पावसाळ्यानंतर एका सभागृहात सत्कार झाला. चारही संस्थांची माणसं मंचावर होती. मला शाल, नारळ आणि मानपत्र मिळालं. मानपत्र वाचणाऱ्याने घसा ताणून वाचलं की निराश्रितांकडून संसर्ग होऊनही श्री. मेश्राम यांनी सेवेचं व्रत सोडलं नाही. टाळ्या वाजल्या. मी उभा राहून हात जोडले. त्या हातांची मला आज किळस येते. एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं, माईक समोरच होता. मी बोललो ते असं, की हा सत्कार माझा नसून आपणा सर्वांचा आहे.

मानपत्राला नितीनने फ्रेम करून आणली. मालतीला म्हणाला, आई, हातोडी दे.

"खिळा या घरात नाही ठोकायचा," ती म्हणाली. बस, एवढंच. नितीनला वाटलं, भिंत खराब होईल म्हणून म्हणते आहे. फ्रेम कपाटामागे गेली.

तो बाहेर गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली. "मी बी पाहिलं होतं. मी बी बोलली नाही, माया बी गुन्हा आहे. पण नाव तुमी लिवलं. जा तिच्याकडं."

मी म्हटलं, कुठे शोधू.

"ज्या पोट्टीनं फोन केला होता तिले इचारा. तुमाले इचाराचंच नाही, म्हणून सापडत नाही."

तिचं खरं होतं. तरीही रेशमाला विचारायला मी दीड वर्ष लावलं.

भनपुरी

रेशमाने फोनवर जागा सांगितली, दुसरं काही बोलली नाही. भनपुरीत जिथे ट्रक उभे राहतात तिथे एक ढाबा होता. मी रिक्षाने गेलो. जाताना वाक्य जुळवत होतो, तिच्या भाषेत, म्हणजे तिला नीट कळावं. रिक्षावाला आरशातून बघत होता, म्हातारा काय पुटपुटतो म्हणून.

बिसाहिन ढाब्यामागे बसून भांडी घासत होती. वाळली होती. मला पाहून हात थांबले, पण उठली नाही. "तोर बुखार उतरिस, बाबू?"

दोन वर्षांनंतर तिने पहिलं हेच विचारलं. त्यात टोमणा होता की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. मी म्हटलं, उतरला. मग समारूबद्दल विचारलं. तिने राखेच्या हाताने रस्त्यापलीकडे दाखवलं. तिकडेच ट्रकच्या सावलीला दोघं राहत होती. भवन सोडल्यावर काही दिवसांनी तो गेला. आजाराने, उन्हाने की उपाशीपणाने, ते तिला माहीत नाही. तपासायला कोणी आलं नाही. कोणत्याही निवाऱ्यात गेली की नाव विचारायचे, आणि नाव सांगितलं की दार लागायचं, असं ती म्हणाली. ती रडली नाही. कढई पालथी घातली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मोर नाव काबर लिखे रहे, बाबू?"

माझं नाव का लिहिलं होतंस. याचंच उत्तर द्यायला मी आलो होतो. वाक्य तोंडात तयार होतं. आणि मी तोंड उघडलं ते हे म्हणायला, की मी नाही लिहिलं, झोनवाल्यांनी लिहिलं.

कोणीही मला धमकावत नव्हतं. वस्तीचे लोक नव्हते, गजभिये नव्हते, समोर एक म्हातारी भांडी घासत बसली होती. तरी मी खोटं बोललो. तोवर मी समजत होतो की ते पान मी भीतीपोटी लिहिलं. त्या दिवशी कळलं की मी माणूसच तसा आहे.

ती मग म्हणाली, "ओमन तो मोला चिन्हत घलो नइ रिहिन." ते तर मला ओळखतही नव्हते. आणि पुन्हा भांड्यांकडे वळली.

मी खिशात हात घातला, पैसे काढणार होतो. तिने वर न पाहता मान हलवली. मी परत आलो. मालतीने दारातच विचारलं, सांगितलं का. मी चपला काढत राहिलो. तिला कळलं.

सात महिन्यांनी पुन्हा गेलो. ढाबा नव्हता. रस्ता रुंद होत होता, ट्रक दुसरीकडे हलले होते. पानठेल्यावर विचारलं, टायरवाल्याकडे विचारलं. भांडी घासणारी म्हातारी कोणाच्या लक्षात नव्हती. रेशमाचं काम दुसऱ्या जिल्ह्यात गेलं आहे, तिलाही पत्ता नाही. त्यानंतर मी चारदा गेलो आहे.

हे स्मरणिकेत छापायचं तर छापा. गजभियेंना, नितीनला, ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्या सगळ्यांना वाचू द्या. त्या पानावरचा आकडा खोटा आहे. ते रजिस्टर अजून भवनाच्या कपाटात असेल तर त्या ओळीवर माझं नाव लिहा. बिसाहिनला वाचता येत नाही, आणि ती आहे की नाही हेही मला माहीत नाही. भनपुरीत तिने विचारलं तेव्हा जे म्हणायचं होतं ते तिच्याच भाषेत इथे लिहितो; त्यातला सियान म्हणजे तिचा म्हातारा, समारू, आणि मोर सेती म्हणजे माझ्यामुळे.

पहिली बुखार मोला आय रिहिस, बिसाहिन. तंय मोला चेताय रहे, अऊ मंय तोरेच नाव लिख देंव. झोनवाला मन नइ लिखिन, मंय लिखेंव. सियान ह मोर सेती रद्दा म मरिस. मोला माफी दे.